पेरूचे ग्वानो पक्षी

ग्वानो पक्षी म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील, मुख्यतः पेरू देशातील निर्जन बेटांवर व भूशिरांवर मोठ्या वसाहती करून वीण घालणारे समुद्री पक्षी. ग्वानाय पाणकावळा (शास्त्रीय नाव: ल्यूकोकार्बो बुगेनव्हिलियोरम), पेरूव्हियन बूबी (सुला व्हॅरिएगाटा) आणि पेरूव्हियन पाणकोळी (पेलिकॅनस थॅगस) या तीन जातींसाठी ही संज्ञा प्रामुख्याने वापरतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेचे थर, म्हणजेच ग्वानो, हे एकोणिसाव्या शतकात जगातील सर्वाधिक मागणी असलेले खत होते. तिन्ही जाती अँचोवेटा या एकाच लहान माशावर अवलंबून आहेत. समुद्राच्या तापमानातील बदलांमुळे तो मासा दुर्मीळ झाला की वसाहतींमधील वीण कोलमडते आणि लाखो पक्षी मरतात. त्यामुळे बदलत्या सागरी परिस्थितीचा पक्ष्यांच्या प्रजननावर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी जगात ज्या पक्षीसमूहांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यांत ग्वानो पक्ष्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या विष्ठेला बाजारभाव असल्यामुळेच त्यांच्या संख्येच्या नोंदी इतक्या आधीपासून ठेवल्या गेल्या, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

नाव

‘ग्वानो’ हा शब्द अँडीज पर्वतातील केचुआ भाषेतील ‘वानू’ (शेण, खत) या शब्दावरून स्पॅनिशमध्ये आला. ‘ग्वानाय’ हे पाणकावळ्याचे नावही त्याच धातूचे. बूबीला स्थानिक लोक ‘पिकेरो’, तर पाणकोळ्याला ‘अल्काट्राझ’ म्हणतात.

सागरी पार्श्वभूमी

पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे हम्बोल्ट (पेरू) प्रवाह वाहतो. किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये विपुल असतात. सूर्यप्रकाश मिळताच त्यात वनस्पतीप्लवक वाढतात, त्यांवर प्राणीप्लवक आणि या दोहोंवर अँचोवेटा (एन्ग्रॉलिस रिन्जन्स) पोसला जातो. कोकणात मिळणाऱ्या मांदेलीचा हा दूरचा नातेवाईक आहे. जगाच्या सागरी क्षेत्राच्या ०.१ टक्क्याहूनही कमी असलेल्या या पट्ट्यातून एके काळी जगातील एकूण मासेमारीपैकी सुमारे १० टक्के मासळी मिळत असे.

थंड समुद्रामुळेच किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडत नाही. पेरूचा किनारा हे वाळवंट आहे. पाऊस नसल्यामुळे बेटांवर पडलेली विष्ठा वाहून जात नाही आणि तिच्यातील नायट्रोजन विरघळून नाहीसा होत नाही. माशांची विपुलता आणि पावसाचा अभाव या दोन्ही गोष्टी एकाच थंड पाण्यामुळे घडतात. ते पाणी तापले की दोन्ही एकदमच बिघडतात.

तीन जाती

ग्वानाय पाणकावळा सुमारे ७५ सेंमी लांबीचा असून त्याची पाठ निळसर काळी, पोट पांढरे, चेहऱ्यावरील उघडी त्वचा लाल आणि डोळ्याभोवतीचे कडे हिरवे असते. तो पाण्यात पोहत बुडी मारून मासे पकडतो. बूबी आकाराने त्याच्याहून थोडी सडपातळ असून हवेतून बाणासारखी पाण्यात झेप घेते. पाणकोळी तिघांत सर्वात मोठा. अमेरिकेत इतरत्र आढळणाऱ्या तपकिरी पाणकोळ्याच्या तुलनेत तो जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो आणि मुख्यतः पृष्ठभागालगतचीच मासळी पकडू शकतो. मासे किती खोलीवर आहेत यावर कोणत्या जातीला आधी उपासमार सोसावी लागेल हे बऱ्याच अंशी ठरते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात एकूण संख्येत ग्वानायचे वर्चस्व होते. एका पक्ष्यापासून दिवसाला सुमारे ४० ते ५० ग्रॅम ग्वानो मिळतो. त्यामुळे त्याला ‘जगातील सर्वात मौल्यवान पक्षी’ असे बिरूद मिळाले होते.

वीण आणि वसाहती

ग्वानाय पाणकावळे बेटांच्या सपाट किंवा हलक्या उताराच्या, वारा खाणाऱ्या भागांवर वीण घालतात. वाळवंटी उन्हात तापलेल्या जमिनीवर वाऱ्याची झुळूक ही चैन नसून गरज असते. वसाहत अत्यंत दाट असते. एका चौरस मीटरमध्ये सुमारे तीन घरटी, म्हणजे शेजाऱ्याची चोच जेथवर पोहोचते त्याच्या किंचित पलीकडे पुढचे घरटे. एखाद्या बेटावरील वसाहत लाखोंच्या संख्येत असली की दुरून तिचा काळा डाग टेकडीवर पसरल्यासारखा दिसतो.

बेटांवर गवत किंवा काटक्या नसल्यामुळे घरटे ग्वानोचेच बनते. पक्षी खरवडून एक उथळ खळगा करतो, त्याच्या कडेने पिसे व विष्ठा रचतो आणि हंगामभर कड उंच होत जाते. जुन्या घरट्यांच्या कडा पुढच्या हंगामात पुन्हा वापरल्या जातात. अंडी साधारणतः दोन ते तीन असतात आणि ती सुमारे चार आठवडे उबवली जातात. तिन्ही जातींना इतर अनेक पक्ष्यांप्रमाणे पोटावर उघडा उबवणपट्टा नसतो. ते पायांच्या रुंद, रक्ताने उबदार पडद्यांचा उपयोग करून अंड्यांना ऊब देतात. नर आणि मादी आळीपाळीने घरट्यावर बसतात. त्यांच्यापैकी एकजण समुद्रावर असताना दुसऱ्याला घरटे सोडता येत नाही, कारण रिकाम्या घरट्यावर गल पक्षी तत्काळ उतरतात.

बूबी कड्यांच्या कपारींत आणि सपाट जागीही घरटी करते. तिची उबवण सुमारे सहा आठवडे चालते आणि पिल्ले उडण्यायोग्य व्हायला आणखी तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. बूबींच्या बहुतेक जाती एका हंगामात एकच पिल्लू वाढवतात. पेरूव्हियन बूबी मात्र दोन-तीन अंडी घालते आणि चांगल्या वर्षी दोन, क्वचित तीन पिल्लेही यशस्वीपणे वाढवते. पिल्ले एकाच दिवशी जन्मत नाहीत. मोठ्या पिल्लाला आधी खाऊ मिळतो आणि अन्न अपुरे असल्यास सर्वात धाकटे मागे पडून मरते. बाहेरून ही क्रूर वाटणारी व्यवस्था पक्ष्याच्या दृष्टीने जोखीम वाटून घेण्याची असते. हंगाम कसा जाईल हे अंडी घालताना ठाऊक नसते. म्हणून अंडी चांगल्या वर्षाच्या हिशेबाने घालायची आणि वर्ष वाईट निघाले तर संख्या आपोआप कमी होऊ द्यायची.

पाणकोळी आकाराच्या बळावर सपाट जागेवरून इतर जातींना हुसकावून लावू शकतो. तथापि त्याच्या वसाहती माणसाच्या वावराला सर्वात लवकर घाबरतात. एखादी बोट जवळ आली की सगळी वसाहत एकदम उठते आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर गल आणि गिधाडे ताव मारतात.

तिन्ही जाती वर्षभर कमी-अधिक प्रमाणात वीण घालतात. ग्वानायचा मुख्य हंगाम मात्र नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे दक्षिण गोलार्धातील उन्हाळा सुरू होताना असतो. उन्हाळ्यात थंड पाण्याचा पट्टा किनाऱ्यालगत अरुंद होतो आणि अँचोवेटाचे थवे बेटांच्या आसपासच एकवटतात. पिल्लांना भरवण्यासाठी पालकांना लांब जावे लागत नाही. हीच वेळ एल निन्योचे उष्ण पाणी येण्याचीही असते.

वसाहतींचे नैसर्गिक शत्रू म्हणजे गल, टर्की गिधाड आणि अँडीजमधून उतरणारे कोंडोर. याशिवाय ऑर्निथोडोरस या वंशातील गोचिडी घरट्यांच्या भेगांत राहतात. त्यांचा उपद्रव फार वाढला तर पक्षी अंडी-पिल्ले टाकून ती जागा सोडतात. दाट वसाहतीचे फायदे आणि गोचिडीसारखे तोटे एकत्रच येतात, याचे हे एक उदाहरण म्हणून अभ्यासले गेले आहे.

अन्नशोध आणि ‘होकायंत्री थवा’

ग्वानाय सकाळी लांबलचक काळ्या रांगा करून समुद्रावर निघतात. अँचोवेटाचे थवे दररोज जागा बदलतात, तेव्हा लाखो पक्ष्यांना कोणत्या दिशेने जायचे हे कसे कळते, हा जुना प्रश्न होता. लिमाजवळील पेस्काडोरेस बेटावर हेन्री वायमरस्कर्च आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे एक उत्तर मिळाले. वसाहतीतून निघालेले पक्षी प्रथम बेटाजवळच पाण्यावर तरंगणाऱ्या एका मोठ्या थव्यात सामील होतात. हा थवा बेटाच्या ज्या बाजूला असतो ती बाजू मासे घेऊन परतणाऱ्या सर्वात मोठ्या रांगांच्या दिशेशी जुळते. परतणाऱ्या रांगांची दिशा बदलली की थवाही सरकतो. निघणाऱ्याला इतरांशी काही ‘बोलावे’ लागत नाही. थव्याची जागा हीच खूण असते. संशोधकांनी त्याला ‘कंपास राफ्ट’ असे नाव दिले. बूबी मात्र अशा थव्याचा आधार घेत नाही. ती अधिक स्वतंत्रपणे शोध घेते आणि समुद्रावर इतर पक्षी झेपावताना दिसले की तेथे जाते.

या पद्धतीचा एक परिणाम असा की ग्वानायला वसाहत मोठी असणे उपयोगी पडते. परतणाऱ्या रांगा जितक्या मोठ्या तितकी माहिती खात्रीची.

एल निन्यो आणि विणीचे अपयश

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळी नाताळच्या सुमारास दरवर्षी येणाऱ्या उष्ण पाण्याच्या ओघाला ‘एल निन्यो’ (बाळ, म्हणजे बाळ येशू) म्हणत. हे नाव १८९२ मध्ये कामिलो कारिल्यो यांनी लिमाच्या भौगोलिक संस्थेसमोर मांडले. पुढे जी वर्षे विशेष तीव्र असतात त्यांच्यापुरता हा शब्द मर्यादित झाला. मराठी वृत्तपत्रांत तो ‘अल निनो’ असा छापला जातो.

अशा वर्षी विषुववृत्तीय पॅसिफिकमधील पूर्वेकडून येणारे वारे मंदावतात, उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते आणि पेरूच्या किनाऱ्यावर उष्ण थराची जाडी वाढते. वारा वाहत राहिला आणि पाणी वर येत राहिले तरी वर येते ते उष्ण थरातलेच, पोषकद्रव्ये नसलेले पाणी. अँचोवेटाची उपलब्धता दोन प्रकारे घटते. काही मासे दक्षिणेकडे किंवा किनाऱ्यालगत उरलेल्या थंड पाण्याच्या लहान पट्ट्यांत जातात आणि उरलेले पक्ष्यांच्या बुडीच्या आवाक्यापलीकडे, खोल पाण्यात उतरतात. म्हणजे सुरुवातीला समुद्रात मासे नसतात असे नाही. ते पक्ष्यांना मिळत नाहीत.

वसाहतीवर दिसणारा क्रम बहुतेक वेळा सारखाच असतो. प्रथम पालकांच्या फेऱ्या लांबतात. घरट्यावर बसलेला जोडीदार ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ उपाशी राहतो. शेवटी तोही अंडी सोडून समुद्राकडे जातो. पिल्ले असली तर ती काही दिवसांत मरतात. यानंतर प्रौढ पक्षी किनारा सोडून उत्तरेला इक्वेडोर-पनामापर्यंत किंवा दक्षिणेला चिलीपर्यंत विखुरतात. अशा वर्षी किनाऱ्यावरील बंदरांत, बाजारांत आणि गच्च्यांवर भुकेले पाणकोळी फिरताना दिसतात. एल निन्यो लांबला तर प्रौढांचीही मोठ्या प्रमाणावर मृत्यू होऊन शवे किनाऱ्यावर लागतात. त्यातच वाळवंटात अवेळी पाऊस पडला तर ग्वानोची घरटी विरघळून चिखल होते.

अंडी-पिल्ले टाकून जाणे हे पालकांचे ‘अपयश’ म्हणून वाचले जाते. पण अनेक वर्षे जगणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने एक हंगाम गमावणे परवडते, जीव गमावणे परवडत नाही. पुढच्या थंड वर्षी तोच पक्षी पुन्हा दोन-तीन अंडी घालू शकतो. अल्बाट्रॉससारखे समुद्री पक्षी एका वेळी एकच अंडे घालतात आणि त्यांची घटलेली संख्या भरून यायला दशके लागतात. त्या तुलनेत ग्वानो पक्ष्यांची पुनर्भरणाची क्षमता विलक्षण आहे आणि ती अर्थातच वारंवार येणाऱ्या आपत्तींच्या समुद्रातच घडलेली आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात दोन कोटींहून अधिक असलेली त्यांची संख्या १९५७-५८ च्या एल निन्योनंतर सुमारे ६० लाखांवर आली. पुढील पाच-सहा वर्षांत ती जवळपास तिपटीने वाढून १ कोटी ७० लाखांच्या आसपास पोहोचली. १९६५ च्या एल निन्योनंतर ती पुन्हा सुमारे ४० लाखांवर घसरली. मात्र या वेळी ती पूर्वीसारखी सावरली नाही.

ग्वानोचा इतिहास

इंका काळात किनाऱ्यावरील शेतकरी बेटांवरून ग्वानो आणून मक्याला घालत. विणीच्या हंगामात बेटांवर जाणाऱ्यास किंवा पक्षी मारणाऱ्यास मृत्युदंड होता, असे गार्सिलासो दे ला व्हेगा या लेखकाने १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंकांच्या इतिहासात नोंदवले आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट याने १८०२ मधील भेटीनंतर ग्वानोचे नमुने युरोपात नेले.

१८४० च्या सुमारास युरोपात व्यापारी निर्यात सुरू झाली. चिंचा बेटांवर शतकानुशतके साचलेले थर ३० मीटरहून अधिक जाडीचे होते. १८८० पर्यंतच्या चार दशकांत पेरूतून १ कोटी टनांहून अधिक ग्वानो बाहेर गेला आणि पेरूच्या सरकारी तिजोरीचा मोठा हिस्सा त्यावर चालू लागला. खणण्याचे काम कैदी, गुलाम आणि चीनमधून करारावर, पुष्कळदा फसवून आणलेल्या मजुरांकडून करवून घेतले जाई. अमोनियाने डोळे जाळणाऱ्या धुळीत त्यांच्यापैकी अनेकजण मेले. १८५६ मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांना ग्वानोची बेवारस बेटे ताब्यात घेण्याची मुभा देणारा कायदा केला, तर १८६४ मध्ये स्पेनच्या आरमाराने चिंचा बेटेच काबीज केली. खणताना पक्ष्यांची फिकीर कोणी केली नाही. ग्वानोच्या थरात बिळे करून वीण घालणाऱ्या हम्बोल्ट पेंग्विनांची तर जमीनच गेली.

साठे संपल्यावर पेरूने १९०९ मध्ये ‘कॉम्पान्यिया आदमिनिस्त्रादोरा देल ग्वानो’ ही कंपनी स्थापून बेटांचे व्यवस्थापन तिच्याकडे सोपवले. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट कोकर यांनी त्याआधी बेटांची पाहणी केली होती. बेटांवर रखवालदार नेमले गेले, परवानगीशिवाय उतरणे बंद झाले, ग्वानो आळीपाळीने आणि पक्षी नसताना काढला जाऊ लागला. १९४० च्या दशकात मुख्य भूमीवरील काही भूशिरांवर भिंती बांधून कोल्हे व माणसे यांना अटकाव केला गेला आणि पक्ष्यांना वीण घालण्यासाठी नवी जागा मिळाली. १९५० च्या दशकाच्या मध्यात वार्षिक उत्पादन ३ लाख टनांहून अधिक झाले. हेतू व्यापारी असला तरी वन्य पक्ष्यांच्या संवर्धनाचा हा जगातील सर्वात यशस्वी प्रयोगांपैकी एक ठरला.

कंपनीने १९३९ मध्ये विल्यम व्होग्ट या अमेरिकन पक्षीअभ्यासकाला नेमले. त्याच वर्षी सुरू झालेल्या एल निन्योत त्याने ओसाड पडणाऱ्या वसाहती प्रत्यक्ष पाहिल्या. पक्ष्यांची संख्या अमर्याद वाढवता येणार नाही, समुद्रच तिची मर्यादा ठरवतो, हा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १९४८ मध्ये त्याने ‘रोड टू सर्व्हायव्हल’ हे पर्यावरणविषयक गाजलेले पुस्तक लिहिले.

मासेमारीशी स्पर्धा

ग्वानो कंपनीने अँचोवेटाच्या औद्योगिक मासेमारीला दीर्घकाळ विरोध केला. पक्षी हेच मासळीचे खतात रूपांतर करणारे यंत्र आहेत, त्यात वाटेकरी नको, अशी तिची भूमिका होती. १९५० च्या दशकात ती मागे पडली. कॅलिफोर्नियातील सार्डिन मासेमारी कोसळल्यावर तेथील यंत्रसामग्री स्वस्तात पेरूत आली, नायलॉनची जाळी आली आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी मासळीच्या पुडाची मागणी वाढली. १९७० मध्ये पेरूची अँचोवेटा पकड १ कोटी २० लाख टनांपलीकडे गेली. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ मिल्नर शेफर याने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात मासेमार आणि पक्षी हे एकाच साठ्याचे दोन ग्राहक म्हणून मांडले. दोहोंनी मिळून वर्षाला सुमारे १ कोटी टन ही मर्यादा ओलांडू नये, असा त्याचा हिशेब होता. १९७२-७३ चा एल निन्यो आला आणि मासेमारी जवळजवळ कोलमडली. १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होती.

याच १९७२ साली भारतात मोसमी पाऊस अपुरा पडला आणि महाराष्ट्राने विसाव्या शतकातील सर्वात भीषण दुष्काळांपैकी एक अनुभवला. या दोन घटनांमधील दुव्याचा पहिला धागा भारतातच सापडला होता. भारतीय वेधशाळांचे महासंचालक (१९०४–१९२४) गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अंदाज शोधताना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका, म्हणजे ‘दक्षिणी आंदोलन’, ओळखला. तो एल निन्योशी जोडलेला आहे हे १९६० च्या दशकात याकोब ब्येर्कनेस यांनी दाखवले. अर्थात प्रत्येक एल निन्यो वर्षी भारतात दुष्काळ पडतोच असे नाही.

पक्ष्यांची संख्या १९६५ नंतर का सावरली नाही, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार मासेमारीने पक्ष्यांचा वाटा इतका घटवला की आपत्तीनंतर भरून येण्यासाठी लागणारा अतिरिक्त साठाच उरला नाही. दुसऱ्या मतानुसार पॅसिफिकमध्ये काही दशकांच्या अंतराने ‘अँचोवेटाचा काळ’ आणि ‘सार्डिनचा काळ’ येत-जात असतो आणि १९७० च्या दशकात सार्डिनचा उष्ण काळ सुरू झाला होता. १९९० च्या दशकात अँचोवेटा पुन्हा विपुल झाला, पकड पुन्हा लाखो टनांवर गेली, तरी पक्षी १९५० च्या दशकातील पातळीजवळही पोहोचले नाहीत. त्यामुळे केवळ समुद्राच्या नैसर्गिक चक्राने ही घट समजावता येत नाही, हे मत अधिक सबळ दिसते. पिस्कोजवळच्या समुद्रतळाच्या गाळातील माशांच्या खवल्यांवरून असेही दिसते की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापूर्वी कित्येक शतके हा समुद्र आजच्या इतका सुपीक नव्हता. विसाव्या शतकातील शिखर हेच ‘नेहमीचे’ मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

मासेमारीचा परिणाम पक्ष्यांच्या दैनंदिन वागण्यातही मोजता आला आहे. सोफी बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी पेस्काडोरेस बेटावरील बूबींना जीपीएस यंत्रे बसवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार औद्योगिक मासेमारीचा हंगाम उघडल्यावर बेटाजवळून जितकी मासळी काढली गेली तितके बूबींना अन्नासाठी दूर जावे लागले. विणीच्या काळात हे अंतर निर्णायक असते, कारण लांब गेलेला पालक दिवसातून कमी वेळा परततो. एकूण साठा सुरक्षित असूनही बेटाभोवतीचा साठा तात्पुरता रिकामा होऊ शकतो आणि पिल्लांच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच असतो.

सद्यस्थिती आणि संरक्षण

मासेमारीचा कोटा आज इमार्पे या पेरूच्या सागरी संस्थेच्या पाहण्यांवरून ठरतो आणि २००९ पासून तो प्रत्येक बोटीला वाटून दिला जातो. २००९ च्या अखेरीस २२ बेटे वा बेटसमूह आणि ११ भूशिरे मिळून एक राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित झाले. ग्वानो काढणे आजही चालू आहे. अँडीजमधून आलेले मजूर कुदळ-फावड्याने तो खणतात, चाळतात आणि गोण्यांत भरतात. त्याचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या एक दशांशाहूनही कमी असून सेंद्रिय शेतीमुळे त्याला पुन्हा मागणी आली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) ग्वानाय आणि पाणकोळी यांना ‘संकटसमीप’ गटात, तर बूबीला ‘कमी चिंतेच्या’ गटात ठेवले आहे.

अतितीव्र एल निन्योंची वारंवारता या शतकात वाढेल, असे काही हवामान प्रारूपे सुचवतात. पेरूलगतचे वारे पुढे जोर धरतील की मंदावतील यावर मात्र एकमत नाही. वारे वाढले तर थंड पाणी अधिक वर येईल, पण पृष्ठभाग तापून थर अधिक पक्के झाले तर त्या पाण्यातून पोषकद्रव्ये कमी मिळतील. आपत्तींमधील अंतर हाच ग्वानो पक्ष्यांच्या बाबतीत कळीचा मुद्दा आहे. १९५८ नंतर त्यांना सावरायला पाच-सहा चांगली वर्षे मिळाली होती.

नोव्हेंबर २०२२ पासून पेरूच्या किनाऱ्यावर एच५एन१ या बर्ड फ्लूची साथ पसरली. पाणकोळी, बूबी आणि ग्वानाय या तिन्ही जातींना तिची झळ बसली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत संरक्षित क्षेत्रांत ५०,००० हून अधिक मृत पक्षी मोजले गेले. किनाऱ्यावरील हजारो समुद्रसिंहही मेले. दाट वसाहतीत घरट्यांमधले अंतर चोचीएवढेच असल्याने विषाणूला पसरायला अडथळा नव्हता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये किनारी पाणी झपाट्याने तापले, उत्तर पेरूत पूर आले आणि जूनमध्ये उत्तर-मध्य किनाऱ्यावरील अँचोवेटाचा पहिला मासेमारी हंगाम रद्द करण्यात आला.